मुलाचा ताबा, पालकत्व, दत्तक: बडोद्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

"बाप म्हणून त्याचा हक्कच रद्द करून टाका." मुलांच्या प्रकरणात पहिल्यांदा वकिलासमोर बसणारी बरीच माणसं याच मागणीने सुरुवात करतात. कधी ती नवऱ्याने टाकलेली बाई असते, कधी लेक गमावलेले आजी-आजोबा, कधी सुनेने दुसरं लग्न केल्यावर नातवाला सांभाळणारं घर. राग खरा असतो, त्यामागचं दुःखही खरं असतं. पण आपल्या कायद्यात आई किंवा बाप एका अर्जाने रद्द होईल असं एकच कलम नाही. कोर्ट एकेक गोष्ट सुटी करून बघतं: मूल राहणार कुणाकडे, त्याच्या वतीने सही कोण करणार, भेटायला कोण येणार, खर्च कोण देणार. यातली एक गेली म्हणून बाकीच्या आपोआप जात नाहीत. नातं कायद्याने पुरतं तुटतं ते दत्तकाच्या वाटेनेच. त्यामुळे "समोरच्याचं काय काढून घ्यायचं" इथून सुरुवात केली तर अर्ज फसतो. "मुलाला काय हवंय" इथून केली तर मागण्या आपोआप नीट लिहिल्या जातात.

आधी हे ठरवा

ताबा, म्हणजे कस्टडी, हा मूल रोज कुणाच्या घरी राहणार याचा प्रश्न आहे. पालकत्व, म्हणजे गार्डियनशिप, हा मुलाच्या शरीराबाबत आणि मालमत्तेबाबत कायदेशीर निर्णय कोण घेणार याचा. आईकडे ताबा आणि बाप अजूनही नैसर्गिक पालक (कोर्टाने न नेमताही कायद्याने मानलेला पालक), अशी स्थिती अगदी सर्रास असते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ याच्या कलम ६ मध्ये आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई असं लिहिलं आहे. पण १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप जिवंत असूनही मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर राहत असेल किंवा असमर्थ असेल, तर आई त्याच वेळी नैसर्गिक पालक असते. बाप मरेपर्यंत थांबायची गरज नाही. हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांना हा कायदा लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आणि त्यांचे वैयक्तिक कायदे आहेत. १८९० चा कायदा हिंदूंनाही लागू आहेच.

अर्ज करण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारा: अडलंय नेमकं कुठे? पुष्कळदा अडलेलं असतं ते बँकेत किंवा पासपोर्ट कचेरीत. बँकेत आई पालक म्हणून मुलाचं खातं उघडू शकते. बापाची संमती मिळत नसेल तर पासपोर्टसाठी एकट्या पालकाने द्यायच्या घोषणेचा वेगळा नमुना असतो. एवढ्यासाठी कुणी तीन-चार वर्षांचा खटला अंगावर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिने फार नुकसान होतं. स्टॅम्प पेपरवर "मी माझी मुलगी माझ्या भावाला सांभाळायला देत आहे, माझा काही हक्क राहिला नाही" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला तर हक्क जात नाही आणि मिळतही नाही. असा कागद फार तर काही काळ मूल तिथे राहत होतं एवढं दाखवायला उपयोगी पडतो.

कुठे जायचं

१८९० च्या कायद्याचं कलम ९ सांगतं की मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. आपल्याकडे यावरूनच निम्मी भांडणं होतात, कारण बडोद्यातल्या मराठी घरांची सोयरीक जळगाव, धुळे, नाशिक, पुणे अशी पसरलेली असते. मुलगी माहेरी दांडिया बाजारात आली, मुलाला बरोबर आणलं आणि पंधरा दिवसांत इथे अर्ज टाकला, तर समोरचा पहिल्याच तारखेला हद्दीचा मुद्दा काढणार. मूल इथे स्थिर झालं आहे हे शाळेचा दाखला, डॉक्टरांचे कागद आणि लसीचं कार्ड यांवरून दाखवावं लागतं. पाहुणा म्हणून आलेलं मूल आणि राहायला आलेलं मूल यांतला फरक कोर्ट पुरावे बघून ठरवतं.

शहरात राहणाऱ्यांनी कुटुंब न्यायालयात जायचं. त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असाल तर जिल्हा न्यायालयात. सूरसागराजवळच्या न्यायमंदिरात अजूनही काही वृद्ध मंडळी चौकशी करत पोहोचतात. तिथलं कामकाज २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेलं आहे. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर मुलासाठी वेगळा दावा न करता त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करता येतो. घरात मारहाण होत असेल तर बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडून मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. ही वाट सगळ्यांत लवकरची. त्यासाठी १८१ वर, म्हणजे महिलांसाठीच्या अभयम हेल्पलाइनवर, फोन करून सुरुवात करता येते.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते.

कागद

मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, आधार, शाळेचा दाखला, तुमच्या उत्पन्नाचा पुरावा, घराचं भाडेपत्र किंवा वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल. आई किंवा बाप वारले असतील तर मृत्यूदाखला. महाराष्ट्रातून आलेले कागद मराठीत असतात आणि इथल्या कोर्टाचं काम गुजरातीत चालतं. त्यामुळे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला असो वा तिकडच्या पोलीस ठाण्यातली तक्रार, भाषांतर जोडावं लागतं. ते अर्जाबरोबरच द्या, नाहीतर एक तारीख केवळ भाषांतरात जाते. तुमचं प्रतिज्ञापत्र गुजरातीत तयार होईल. सही करण्यापूर्वी ते कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. घरात गुजराती बोलता येणं आणि कोर्टाची गुजराती समजणं यांत अंतर आहे, आणि उलटतपासणीत तुमच्याच प्रतिज्ञापत्रातलं वाक्य तुमच्यासमोर धरलं जातं.

कोर्ट नेमकं काय बघतं

१९५६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वांत वर. १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं की मुलं ही वस्तू नाहीत आणि आई-बापाचे हक्क निरंकुश नाहीत. पण "हित" हा शब्द कोर्टात कसा मोजला जातो?

१८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये यादी आहे: मुलाचं वय, लिंग आणि धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचं चारित्र्य आणि ऐपत, नातं किती जवळचं, वारलेल्या आई-बापाची इच्छा, मुलाशी किंवा त्याच्या मालमत्तेशी आधीचे संबंध, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मत. प्रत्यक्षात मात्र न्यायाधीश फार साधे प्रश्न विचारतात. शाळेतून कोण आणतं? ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण गेलं होतं? मुलाच्या बाईंचं नाव काय? रात्री ते कुणाजवळ झोपतं? ज्याला ही उत्तरं न अडखळता देता येतात त्याची बाजू भक्कम असते. मोठा फ्लॅट आणि गाडी याने फारसा फरक पडत नाही. आईचं उत्पन्न कमी आहे एवढ्यावरून ताबा जात नाही, कारण खर्च द्यायची जबाबदारी बापावर टाकता येते. दुसरं लग्न हेही एकट्याने ताबा काढून घ्यायचं कारण नाही. नव्या घरात मुलाची स्थिती काय, हे बघितलं जातं. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहतं, पण "सामान्यतः" हा शब्द कायद्यातच आहे.

आई-बापाला नालायक ठरवणं ही उंच पायरी आहे. १८९० च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आई किंवा बाप जिवंत असेल आणि कोर्टाच्या मते अपात्र नसेल, तर तिसऱ्या माणसाला मुलाचा पालक नेमता येत नाही. २०१० पर्यंत तिथे फक्त बापाचा उल्लेख होता, त्या वर्षीच्या दुरुस्तीने आईही आली. मग अपात्रता कशाने दिसते? मुलाला किंवा त्याच्या आईला सतत मारहाण, मुलाचं लैंगिक शोषण, वर्षानुवर्षं भेट नाही की पैसा नाही, मूल सांभाळता येणार नाही असं व्यसन किंवा आजार. प्रत्येकाला पुरावा लागतो. "तो दारू पितो" हे माहेरचे पाच जण सांगतील आणि सासरचे पाच जण नाकारतील. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे पिऊन सापडलेल्याची पोलिसांकडे केस झालेली असते, तिची नक्कल मिळवा. व्यसनमुक्ती केंद्राचे किंवा दवाखान्याचे कागद असतील तर तेही जोडा. एका केसने माणूस अपात्र ठरत नाही. सहा वर्षांत चार केसेस आणि शाळेच्या दारात घातलेला धिंगाणा हे वेगळं चित्र झालं.

तुरुंगात असणं, आजारी असणं, गरीब असणं, परगावी नोकरी करणं, यातलं काहीही एकट्याने पुरत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. आई कर्करोगाने वारली, बाप त्याच काळात गंभीर आजारी, म्हणून बाळ मावशीने सांभाळलं. बाप बरा होऊन परत मागायला आला तेव्हा नकार मिळाला. ताबा बापालाच मिळाला, कारण त्याने मुलाला सोडून दिलेलं नव्हतं. मावशीने केलेलं कोर्टाने नाकारलं नाही. त्या नात्याला भेटीची जागा दिली. दुसरं टोक २००८ च्या प्रकरणात दिसतं. पत्नीच्या मृत्यूबद्दल ज्याच्यावर खटला चालू होता त्या बापाकडे मूल देण्याचा खालच्या कोर्टांचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि मूल आईच्या आई-वडिलांकडे ठेवलं. तो खटला चालू असणं विचारात घ्यायलाच हवं होतं, आणि मुलाला विचारायला हवं होतं, असं कोर्टाने म्हटलं.

आजी-आजोबा विरुद्ध मावशी, हा प्रश्न तर आपल्या गुजरातेतूनच दिल्लीला गेला. कोविडमध्ये २०२१ साली अहमदाबादेत एका लहान मुलाचे आई-वडील दोघंही गेले. उच्च न्यायालयाने ताबा दाहोदच्या मावशीला दिला: वयाने तरुण, केंद्र सरकारची नोकरी, एकत्र कुटुंब. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वडिलांच्या आई-वडिलांना दिला. मुलाचा ओढा तिकडे होता, आणि उत्पन्न व वय एवढ्यावरून आजी-आजोबांना बाजूला सारता येत नाही. "आम्ही म्हातारे, आम्हाला कोण देणार" असं म्हणून कचेरीच्या दारातून परत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुलाशी न्यायाधीश बोलतात तेव्हा

मुलाचं मत घ्यायला कायद्यात ठराविक वय लिहिलेलं नाही. साधारण शाळेत रुळलेल्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलतात, कधी समुपदेशक बोलतात. त्या वेळी आई-बाप बाहेर असतात.

मुलाला पढवू नका. मी हे विनंती म्हणून लिहीत नाही, इशारा म्हणून लिहीत आहे. आठ वर्षांचा मुलगा "पप्पांचं चारित्र्य चांगलं नाही" असं बोलतो तेव्हा ते वाक्य त्याचं नाही हे न्यायाधीशांना पहिल्या मिनिटात कळतं. मग शंका पढवणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध भरवण्याच्या प्रकाराची स्वतंत्र दखल घेतली आहे आणि अशा मुलाच्या मतावर किती विसंबायचं याचा विचार केला आहे. त्याहून वाईट म्हणजे मूल घरी येऊन रडतं. त्याला दोघंही हवे असतात आणि आपण एकाला फसवलं असं त्याला वाटत राहतं. आदल्या रात्री एवढंच सांगा: "उद्या एक काका किंवा काकू तुझ्याशी बोलतील, तुला वाटेल ते सांग, कुणी रागावणार नाही."

मुलाची फोनवरची बोलणी चोरून रेकॉर्ड करणं, भेटीच्या दिवशी मुद्दाम ताप आल्याचं कळवणं, दावा चालू असताना मुलाला गावी नेऊन ठेवणं, हे सगळं कोर्टाच्या नोंदीत जातं.

मधला हुकूम

खटला लांबतो. म्हणून अर्जाबरोबरच अंतरिम ताबा किंवा भेट मागा. १८९० च्या कायद्याच्या कलम १२ खाली ते मागता येतं. अंतरिम हुकूम हलक्यात घेऊ नका. मूल दोन वर्षं ज्या घरी, ज्या शाळेत रुळतं, तिथून त्याला उपटणं न्यायाधीशांनाही जड जातं. ताबा ज्याच्याकडे नाही त्याला भेट मिळणं हा नियमच आहे असं धरून चला, मोठा धोका असेल तरच ती नाकारतात. धोका वाटत असेल तर "भेट नको" असं सरसकट लिहू नका. कोर्टाच्या आवारात, कुणाच्या तरी देखरेखीखाली, किंवा व्हिडिओ कॉलवर भेट, अशी मागणी करा. ती मान्य होण्याची शक्यता जास्त, आणि तुम्ही आडमुठे नाही हेही दिसतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच व्हिडिओ कॉलच्या संपर्काबद्दल लिहिलं आहे.

बालकल्याण समितीची वाट

मूल टाकून दिलेलं, रस्त्यावर सापडलेलं, किंवा घरातच त्याच्या जिवाला धोका, अशा वेळी बाल न्याय कायदा, २०१५ खाली जिल्ह्याची बालकल्याण समिती निर्णय घेते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री. मुलाला २४ तासांत समितीपुढे आणावं लागतं. शेजारच्या घरातून मुलाच्या किंचाळण्याचा आवाज रोज येत असेल तर १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, फिरवा, नाव विचारतील या भीतीने थांबू नका.

समितीचं पहिलं काम मूल घरी परत पाठवता येतं का ते बघणं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच सांगतो. आई-बापाला स्वतःहून मूल सोपवायचं असेल तर समितीपुढे समर्पणपत्र लिहून द्यावं लागतं. त्याआधी चौकशी आणि समुपदेशन होतं. नंतर दोन महिने विचार बदलायला असतात. ते संपल्यावरच मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं जाहीर होतं, आणि तो निर्णय निदान तीन सदस्यांनी घ्यावा लागतो. टाकून दिलेल्या मुलाच्या आई-बापांचा आधी शोध घेतात. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत ते मोकळं जाहीर करायचं असतं. समितीच्या हुकुमाविरुद्ध तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. त्याला अपवाद संगोपन (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्व (मुलाच्या खर्चाला मदत) यांबाबतचे निर्णय, ते अपील कलेक्टरकडे जातं.

दत्तक: जिथे नातं खरोखर तुटतं

बडोद्याच्या मराठी घरांना दत्तक नवं नाही. कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव गायकवाड झाले, हे इथलं पोरगंसुद्धा सांगतं. आजचं हिंदू दत्तक १९५६ च्या दत्तक आणि निर्वाह कायद्याने चालतं. मूल देणारे आई-बापच असावे लागतात, आजोबांना किंवा मामाला देता येत नाही. एकाने दिलं तर दुसऱ्याची संमती लागते. अपवाद तीनच: दुसऱ्याने कायमचा संन्यास घेतला असेल, हिंदू धर्म सोडला असेल, किंवा कोर्टाने त्याला वेडसर ठरवलं असेल. "पाच वर्षं तोंड दाखवलं नाही, पैसा दिला नाही" हे या यादीत नाही, आणि नव्या नवऱ्याच्या नावावर मूल करू पाहणाऱ्या अनेक बायका इथेच अडतात. दोघंही वारले असतील किंवा दोघांनी मूल सोडून दिलं असेल, तर पालक कोर्टाची परवानगी घेऊन देऊ शकतो. मूल हातात देण्या-घेण्याचा विधी व्हायलाच हवा, होम नसला तरी चालतो. दत्तकपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, मग दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरतं. एकदा झालेलं वैध दत्तक कुणालाही मोडता येत नाही, ना देणाऱ्याला, ना घेणाऱ्याला, ना मुलाला.

सावत्र बापाने किंवा काका, मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबांनी बाल न्याय कायद्याखाली दत्तक घ्यायचं असेल तर 'कारा' (CARA), म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, हिच्या पोर्टलवर नोंद करावी लागते. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती घेतात. ताब्याचा खटला चालू असेल तर तो आधी संपवावा लागतो. १ सप्टेंबर २०२२ पासून हा दत्तकाचा हुकूम कोर्टाऐवजी जिल्हा मॅजिस्ट्रेट, म्हणजे आपल्याकडे कलेक्टर, देतात.

हुकूम हातात आल्यावर

कुटुंब न्यायालयाच्या अंतिम हुकुमाविरुद्ध तीस दिवसांत अहमदाबादला उच्च न्यायालयात अपील करायचं. प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा. तीन-चार नकला घ्या, शाळेला एक लागतेच.

ताबा गेलेल्या बापाची पोटगीची जबाबदारी राहते आणि मुलाचा त्याच्या मालमत्तेतला वारसाही राहतो. उलट, कोर्टाने नेमलेल्या पालकाला मुलाचं घर किंवा जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं तर परवानगी घ्यावी लागते. नातवाला घेऊन पुण्याला राहायला जायचं ठरवलेल्या आजोबांनी आधी अर्ज द्यावा.

अनाथ मुलांसाठी, आणि बाप वारल्यावर आईने दुसरं लग्न केलं अशा मुलांसाठी, गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या सांभाळणाऱ्या नातेवाईकाला महिन्याला ३,००० रुपये मिळतात. जिल्हा समाज सुरक्षा कचेरीत चौकशी करा. ही मदत मिळते म्हणून तुम्ही कायदेशीर पालक झालात असं मात्र नाही, तो हुकूम कोर्टाकडूनच आणावा लागतो.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, बाप दारू सोडून उभा राहिला, आईची बदली झाली, मूल मोठं होऊन वेगळं मागू लागलं, तर त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करता येतो. मूल १८ वर्षांचं झालं की पालकत्व संपतं. कोर्टाने पालक नेमला तर वय २१ धरायचं हा जुना नियम १९९९ च्या दुरुस्तीने गेला, तरी अजून काही जण तो सांगतात. तसं कुणी म्हटलं तर त्यांच्यासमोर हेच वर्ष ठेवा.